पूर्वीप्रमाणे

सोमवार, ४ मार्च

पुन्हा 'पूर्वीप्रमाणे'! सकाळपासून अकरा कार्डं काढली. सातांवर दादाच्या अक्षरात हा एकच शब्द. तारीख, पूर्वीप्रमाणे, सही. पूर्वी म्हणजे कधी? मागच्या महिन्यात? तीन वर्षांपूर्वी? जुनं कार्ड शोधावं तर त्यावरही तेच. आणि खालचा औषधवाला त्या एका शब्दावर पिशवी भरून देतो.

दवाखाना दोघा भावंडांचा. पाटीवर दोघांची नावं. पण पेशंट दादाचे. मी 'दादांची बहीण, त्यापण डॉक्टरच आहेत'. बावीस वर्षं झाली याला.

फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी नवी मार्गदर्शिका आली आहे. बेचाळीस पानं. मी दोनदा वाचली, पेन्सिल घेऊन. दादाने तिच्यावर चहाचा कप ठेवला.

बुधवार, ६ मार्च

आज भांडण. म्हटलं, "यंत्रात फुंकायला लावल्याशिवाय निदान लिहायचं नाही. पहिल्याच पानावर आहे."

"अगं, छातीला कान लावला की कळतं मला."

"कानाला आकडा दिसतो?"

"आली हेडमास्तरीण! एक म्हातारा वीस मिनिटं फुंकत बसणार. तेवढ्यात मी पाच तपासतो."

"तपासतोस कुठे? पाचदा पूर्वीप्रमाणे लिहितोस."

हसला. हे त्याचं हसणं! अर्धे पेशंट त्यावरच बरे होतात. उरलेल्या अर्ध्यांचं काय, ते कार्डावर नाही.

यंत्र तीन वर्षं खोक्यात पडून आहे. आज मीच खोकं फोडलं.

शनिवार, ९ मार्च

दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे त्याचे पेशंट माझ्याकडे.

तीन आठवडे!

सोमवार, ११ मार्च

पॉलिशवाले काका आले. सोबत मुलगी. चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं, नाकाला फडकंसुद्धा न बांधता. आता चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. चढताना सात वेळा थांबतात, म्हणून महिनामहिना उतरतच नाहीत. मला म्हणाले, "मजला मोजत नाही बाई, थांबे मोजतो. बससारखं."

यंत्रात फुंकायला लावलं. तीनदा. पहिल्या सेकंदात यायला हवी त्याच्या निम्मीही हवा येत नाही. म्हणजे दादाचा कान खरा ठरला. त्याला हे सांगणार नाही.

मग म्हटलं, श्वासाचा पंप कसा घेता, दाखवा. त्यांनी आ केला, जिभेवर फवारा मारला आणि तोंड मिटलं. श्वास घेतलाच नाही! औषध नाकातून परत बाहेर. इतकी वर्षं! कुणी एकदा तरी बघायचं! वीस मिनिटं शिकवलं. हळू श्वास आत, तेव्हाच दाब, दहापर्यंत थांबा. चौथ्या वेळी जमलं. मुलगी टाळ्या वाजवायचीच राहिली.

आणि गोळी. स्टिरॉइडची! ती आजार उसळला की पाच दिवस द्यायची, कायमची नाही. पान एकतीस. दम वाढला की मधूनमधून घेत असणार. "ही कशासाठी घेता?" तर म्हणे, "दादांनी दिली म्हणून." मुलगी म्हणाली, "त्या गोळीनं बाबांना बरं वाटतं हो."

"बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं," मी म्हटलं. कार्डावर लिहिलं: गोळी बंद. खाली दोन रेघा.

चेहरा भरलेला वाटला. हातांवर जांभळे डाग. कुठे आपटले असतील.

बुधवार, १३ मार्च

तीन दिवसांत पंपवाले नऊ पेशंट. बरोबर घेणारी एक! ती शाळेत गाणं शिकवते.

शुक्रवार, १५ मार्च

पॉलिशवाल्या काकांच्या मुलीचा फोन. बाबा मरगळलेत, जेवत नाहीत. दम? दम बरा आहे. मग झालं! पंप नीट जातो आहे, म्हणून बरा आहे. सांगितलं, गोळीची सवय सुटताना चार दिवस असं होणार. धीर धरा.

लोकांना गोळीची सवय लावायची आणि ती मोडायला बहिणीला ठेवायचं!

रविवार, १७ मार्च

दादाकडे गेले. सगळं ऐकवायचं ठरवून. पंप, नऊ, एक, गोळ्या, सगळं. दारातच वहिनी म्हणाली, "वन्सं, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. त्यांना ताण नको सांगितलाय." दादा डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून खुर्चीत. मला म्हणतो, "बोल, किती जणांना नापास केलंस?"

गिळलं सगळं. हवापाण्यावर बोलून परत आले.

बुधवार, २० मार्च

काका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोसळले. सकाळपासून उलट्या होत होत्या म्हणून माझ्याकडेच यायला निघाले होते.

त्यांना मोठ्या रुग्णालयात नेलं, मीही गेले. रक्तदाब जेमतेम सत्तर. वॉर्डातल्या डॉक्टरने विचारलं, "स्टिरॉइड किती वर्षं चालू होतं?"

वर्षं!

मी म्हटलं, "मधूनमधून. पाच दिवसांचे कोर्स."

मुलगी म्हणाली, "नाही हो. रोज. रोज सकाळी एक. अडीच वर्षं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. माझ्या मुलापेक्षा लहान असेल. नर्सला इंजेक्शन सांगितलं आणि मग अगदी हळू विचारलं, "मॅडम, एकदम बंद केलीत?"

गुरुवार, २१ मार्च

पान एकतीस. 'ही गोळी कायमची देऊ नये.' खाली माझी पेन्सिलीची रेघ. त्याच्या दोन ओळी खाली: 'तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतली असल्यास एकाएकी थांबवू नये, हळूहळू उतरवावी.' रेघ नाही. दोनदा वाचलं होतं मी!

रोज बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. हे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. भरलेला चेहरा, हातांवरचे डाग — सगळं समोर बसलं होतं. मी यंत्राचा आकडा बघत होते.

औषधवाल्याकडे गेले. अंगावरच गेले. तो म्हणाला, "बाई, दादा पूर्वीप्रमाणे लिहितात, मी महिन्याच्या तीस देतो. तुम्ही बंद लिहिलंत, मी बंद केलं. माझं काय चुकलं?"

दादाने एकदा 'रोज' एवढे दोन अक्षरांचे कष्ट घेतले असते! राग येतो. अजून येतो. पण "किती दिवसांपासून घेता?" एवढं मीही विचारलं नाही.

रविवार, २४ मार्च

काका उठून बसले. आवाज खोल गेलाय. मला बघून उशाखालून पंप काढला. "बघा बाई, बरोबर घेतो ना?" हळू श्वास, दाब, दहापर्यंत बोटं मोजली. अगदी बरोबर.

मला तिथे उभं राहवेना.

परतताना दादाकडे. वहिनीचं ऐकलं नाही. सगळं सांगितलं.

"तू विचारलं का नाहीस?"

"तू लिहिलं का नाहीस?"

वहिनी आत भांडी लावत होती, ती थांबली.

गुरुवार, २८ मार्च

काकांच्या मुलीने लेखी खुलासा मागितला आहे. गोळी कुणी, का, कशाच्या आधारावर थांबवली. आठ दिवसांत. मागेल नाहीतर काय! तिच्या जागी मी असते तर दवाखान्याच्या काचा फोडल्या असत्या.

मसुदा केला. पहिल्या वाक्यात दादा, दुसऱ्यात औषधवाला, तिसऱ्यात मी. फाडला. पुन्हा केला. मी पहिल्या वाक्यात येत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

दादा आज कामावर. मी पोचले तेव्हा काकांची मुलगी त्याला भेटून बाहेर पडत होती. माझा हात धरला. "तुमच्यावर उगाच रागावले मी. वडीलभावानं सांगितल्यावर तुम्ही तरी काय करणार!"

आत काकांचं कार्ड माझ्या टेबलावर. माझ्या 'बंद'च्या खाली दादाचं अक्षर: 'गोळी थांबवण्यास मी फोनवर सांगितले. बहिणीने त्याप्रमाणे केले. जबाबदारी माझी.' तारीख ११ मार्च. सही.

फोन झालाच नव्हता.

संध्याकाळी सातला दवाखाना बंद केला. तोवर पेन हातातच होतं. ओळ खोडली नाही.