गायीले चारलेले लाडू

पोंभुर्णा
५ फेब्रुवारी २०२६

चि. उर्वशीस,

तुह्या बाईचा, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. गोपाल जावयाले नि सासूबाईले नमस्कार, छकुलीले पापा. इथी आम्ही सगळे ठीक आहो. तू पण ठीक आहेस असंच धरून चालते, कारण काही बिघडलं असतं तर कोणी ना कोणी मले फोन केलाच असता.

फोनवरच बोलली असती. पण चार महिने झाले, तू उचलत नाईस. आणि उचललास तरी तुमच्या घरी फोन स्पीकरवर असते नि सासूबाई बाजूले बसून राह्यतात. म्हणून लिहायले बसली. दहावीनंतर इतकं लांब पहिल्यांदाच लिहून राह्यली, अक्षरावर हसू नको.

धान औंदा बरा झाला. लाखोळी शेंगांवर आली आहे. कपिली व्यायली, गोऱ्हा झाला, कपाळावर पांढरा टिळा आहे. माही दिव्यानी उंचीनं माह्या खांद्याले लागली, तोंडानं तर केव्हाच डोक्यावर गेली. तुहे दीर हेमराजभाऊ तांदूळ न्यायले आले आहेत, बाहेर चहा पिऊन राह्यले. त्यांच्याच हाती हे देते. पाकीट भाताच्या शितानं चिकटवते, उघडलेलं दिसलं तर त्यांचे कान उपटजो.

आता कपिलीचं नाव निघालंच आहे तर तेही लिहून टाकते.

शेजारच्या चंचलनं तुले जे सांगतलं ते खरं आहे. तुह्या बाळंतपणाचे लाडू मी कपिलीले चारले. जवस, डिंक, गूळ, खोबरं आणि भाजून कुटलेली मोहफुलं, माय करायची तसेच. बावीस होते. बाईले बहिणीपेक्षा गाय मोठी झाली, असं तू सगळ्यांले म्हटलं ते पण माह्या कानावर आलं. बरोबरच म्हटलं तू. मी असती तर वरून दोन शिव्या हासडल्या असत्या.

पण काऊन चारले ते ऐक.

लाडू वळले त्याच्या दुसऱ्याच दिवशी उपकेंद्राच्या सिस्टरबाईनं बोलावलं. त्याच्या आधी तिनं तिशीच्या वरच्या बायांची तपासणी घेतली होती, पिशवीच्या तोंडाची. मी मोठी शहाणी, सगळ्यांच्या आधी जाऊन झोपली. गावातल्या चौदा जणींची झाली आणि माहीच खराब निघाली. एचपीव्ही म्हणतात त्या विषाणूले. सिस्टरबाई समजावून सांगत होती, हा कॅन्सर नाई, नुसता विषाणू आहे, पुढची तपासणी चंद्रपूरच्या दवाखान्यात करू. मी त्यातला कॅन्सर तेवढा ऐकला, बाकीचं कानात शिरलंच नाई.

घरी आली तर डबा समोर. बावीसच्या बावीस ह्याच हातांनी वळलेले. तू ओली बाळंतीण, अंगावर पिणारं लेकरू. माह्या हातचं तुह्या पोटात गेलं आणि तिथून तिच्या, तर? डबा उचलला नि गव्हाणीत रिकामा केला. चंचल कुंपणावरून पाहून राह्यली होती हे मले दिसलंच नाई. मग दोन दिवस कपिलीच्या तोंडाकडे पाहत बसली, हिले काही होते का म्हणून. गाभण होती ना बिचारी. हस आता. मले तवा रडू येत होतं.

बारशाले ताप आला म्हणून नाई आली, असं मी कळवलं. ताप नव्हता. छकुलीले मांडीवर घ्यायची भीती वाटली.

घरात मी माही ताटली, गिलास, टॉवेल सगळं वेगळं काढलं. दिव्यानीची वेणी घालणं सोडलं. कोणाले सांगतलं नाई, पण आडून आडून विचारत फिरली. एक म्हणाली, रोवणीत दिवसभर चिखलात उभं राहून असलं काही लागते. तसं असतं तर अर्धा तालुका आजारी पडला असता.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. मी ह्यांच्यावर शक घेतला. नवराबायकोच्या संबंधातून येते, एवढं सिस्टरबाईचं मले नेमकं ऐकू आलं होतं. तीन वर्सांआधी हे मिरची तोडायले दोन महिने तेलंगणात होते, मी दिव्यानीच्या शाळेपायी इथीच राह्यली. मनातल्या मनात सगळं जुळवलं आणि एक दिवस रोगाचं सांगून तोंडावर विचारलं. तुह्या भाऊजींचा स्वभाव तुले माहीत आहे, बैलावरसुद्धा आवाज चढवत नाईत. उठले, माही वेगळी ठेवलेली ताटली काढली, तिच्यातच वरणभात घेतला आणि माह्यासमोर बसून जेवले. हात धुतल्यावर म्हणाले, "चंद्रपूरची तारीख कवाची आहे? मी संग येतो."

चंद्रपूरले बायांच्या बाकावर हे एकटेच माणूस बसून होते, टोपी मांडीवर घेऊन. आत डॉक्टरबाईनं औषध लावून यंत्रातून पाह्यलं. थोडी जागा पांढरी झाली, तिथी शेक दिला. कॅन्सर नाई म्हणाली. वर्सानं पुन्हा तपासायचं. बहुतेक बायांचं हे आपोआप निघून जाते म्हणे, माहं बसून राह्यलं.

मी तिले लाडवांचं विचारलं. वाटलं हसन. पण ती हसली नाई. म्हणाली, "ताई, हे ताटातून नाही लागत, लाडवातून नाही, लेकराला मांडीवर घेऊनही नाही. आणि नवऱ्यावर राग धरू नका. हे अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतं. कधी आलं, कोणाकडून आलं, ते मलाही सांगता येणार नाही."

बसस्टँडवर आम्ही एकाच प्लेटीत तर्रीपोहे खाल्ले. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, तर्री जास्त झाली. त्यांनी पाण्याचा गिलास पुढे केला. ते समजले.

हे डिसेंबरातलं. मग दोन महिने काऊन गप्प बसली, तर लाज वाटली, दुसरं काही नाई. कॅन्सरचं भेव गेलं तरी रोग कुठचा ते सांगायची लाज जात नाई. पायाचा असता तर गावभर लंगडत सांगतलं असतं.

तू एकतीसची झालीस. डॉक्टरले विचारून तपासून घेजो. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाई. दिव्यानीले मी ह्याची लस देणार आहे. चंचल म्हणते त्यानं पुढे पोरं होत नाईत. मी डॉक्टरबाईले विचारून आली, तसं काही नाई.

पुढच्या महिन्यात छकुलीचं उष्टावण आहे नि पहिला घास तुही नणंद भरवणार, असं हेमराजभाऊ आताच बोलून गेले. आपल्याले भाऊ नाई. माय जातानी म्हणाली होती, उर्वशीच्या लेकराले मामाच्या जागी तू घास भरवजो. माह्याच येडेपणानं तो मान गेला तर तुले बोल लावणार नाई. पण मले भरवायचा आहे वं, उर्वशी. फार मनात आहे.

ह्या पत्रासंग डबा आहे. पुन्हा बावीस लाडू, ह्याच हातांनी वळलेले. पहिला मी खाल्ला, दुसरा दिव्यानीनं, म्हणून वीसच भरतील. हेमराजभाऊ दुसरं पोतं न्यायले मंगळवारी पुन्हा येणार आहेत. राग असन तर डबा तसाच भरलेला त्यांच्याजवळ देजो, मी काही विचारणार नाई. पण एक जरी लाडू खाल्लास तर डबा पाठवू नको. तिथीच राहू दे. मीच येते न्यायले.

मंगळवारी हेमराजभाऊ रिकाम्या हातानं यावे म्हणून दारात बसलेली,

तुही बाई
कमळा