परसातली पाठमोरी बाई

आई, मी सांगतेय आणि नात लिहितेय. मला शाळेत घालायचं तुझ्याही मनात आलं नाही अन् माझ्याही. इथे लखनौला ही बारा वर्षांची पोरगी मराठी ऐकते, उत्तर हिंदीत देते. काना-मात्रा चुकला तर बोल तिला लाव.

मुलाने नुमाइशीतून, म्हणजे प्रदर्शनातून, एक चित्र आणून गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये लावलंय. कुणा परदेशी चित्रकाराचं, खेड्यातल्या बागेचं. जवळ गेलं की नुसते रंगाचे फराटे. मेल्याने कुंचला धुण्याऐवजी कागदालाच पुसलाय. पलंगावरून पाहिलं की मात्र कोबीचे वाफे दिसतात, पानांवर ऊन हलतं, आणि मधे निळ्या कपड्यातली वाकलेली बाई. तोंडाच्या जागी एकच फराटा. "आई, काय सुंदर बाग आहे ना?" मुलगा म्हणाला. "बाग बरीय," मी म्हटलं, "पण तण कोण काढतं, तुझा चित्रकार?"

नातीने विचारलं, "आजी, ये औरत कौन है?" मी थट्टेत म्हणाले, "माझी आई." पोरीने खरं धरलं. यंदा अविधवा नवमीला तुझ्या नावाने सवाष्ण जेवू घातली, तर हिने चित्राला झेंडूचा हार घातला, काचेवर हळदकुंकू लावलं. सून पाया पडली. मुलगाही गालात हसत पाया पडला, मग मला म्हणाला, "तुझ्या आईचा फोटो नाही ना? हजरतगंजला एक जण ऐकून चेहरा काढतो. सांग, कशी दिसायची?" मला तुझी पाठ आठवते, मातीने भरलेल्या टाचा, चवळीचा वेल बांधणारे हात. चेहरा नाही.

मी नऊ वर्षांची. धावताना तुझी मेथी तुडवली, आणि तू शेजारणींदेखत धपाटा घातलास. "म्हशीला कळतो वाफा, तुला नाही कळत?" मी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने तू परसातून हाक मारतेस, "ये गं, शेंगा सोलू." पुन्हा एकदा हाक मारतेस. मी वळत नाही. संध्याकाळी तुला ताप चढला, अंगावर देवी उठल्या, आणि मला मावशीकडे धाडलं. परत आले तेव्हा घरात तू नव्हतीस.

नात थांबलीय. "तो फिर ये आपकी आई नहीं हैं? हमने तो हार भी चढ़ा दिया!"

"नाही गं बाई. चित्रातली कोण कुठली, तिलाही बरं वाटलं असेल. लिही पुढे."

"ये सब भी लिखूँ?"

"सगळं."

पत्र कुठे टाकणार? चारबाग स्टेशनवरच्या हमालालाही तुझा पत्ता सापडायचा नाही. राहू दे माझ्याच ट्रंकेत. मावशीला, बाबांना, पुढे नवऱ्यालाही मी हेच सांगत आले की त्या दिवशी तुझी हाक मला ऐकूच आली नाही. आली होती, आई. दोन्ही वेळा.