तिसऱ्या ओळीतले चौकोन

दि. ६ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळी मंडळी आपापल्या कुरबुरींसह सुखरूप आहेत. तुझं पत्र आणि सोबतचा छापलेला नमुन्याचा कागद पोचला, नुसत्या स्वागताच्या ओळींचा. एका पानावर पाच परक्या लिप्या! एकीची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखी, तर एकीची थेट लोकरीचा गुंता. ह्यांनी कागद उलटा धरून पाहिला आणि फार सुंदर आहे म्हणाले. मी तो देवापाशी ठेवलाय. चांगल्या कामाचा कागद आहे, चार दिवस तिथे राहिला तर बिघडत नाही.

रुग्णालयाने औषधांच्या सूचना छापून देणं बंद केलं आणि आता सगळं कॉम्प्युटरवर वाचायचं, हे मला काही पटलेलं नाही. पण परक्या मुलखातून आलेल्या माणसाला औषध कसं घ्यायचं ते त्याच्या अक्षरांत वाचायला मिळावं, हे पुण्याचं काम. ते आपल्या घरातली बाई करते म्हणून ऊर भरून आला.

समोरच्या दारातली शिवणवाली तुला आठवत असेल. तुझ्या निळ्या कोटाचं अस्तर तिनेच बसवलं होतं. तिच्या बोटांचे सांधे सुजलेत, सुईत दोरा ओवायला मला हाक मारते. आपली भाषा तिला बाजारापुरती बोलता येते, वाचता मुळीच येत नाही. मंगळवारी तिला त्याच रुग्णालयात जायचंय. मी तुझ्या कागदावर तिची लिपी दाखवली, तर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि पदराने नाही, मापाच्या फितीने डोळे पुसले. मी ठणकावून सांगितलंय की तिथे नर्सबाईंना अर्धंमुर्धं विचारत बसू नको, माझ्या जावेने तुझ्या भाषेत सगळं लिहून ठेवलंय, घरी येऊन निवांत वाच. भाच्याने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर तिच्याकडे आहे.

फोन नको करूस. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे, निम्मं निसटतं. पत्रातलं सगळं माझ्याजवळ राहतं.

माया आहे तशी राहो, उतू गेली तरी चालेल.
तुझी थोरली


दि. १० मार्च

ती. थोरल्या जाऊबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पाठीवर लिहिलेलं. शेजारच्या टेबलावरचीने विचारलं की तुमच्या घरी कॅलेंडरवर पत्रं का लिहितात. मी म्हटलं, आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या मते एका बाजूने कोरा असलेला कागद टाकणं हे पातक आहे. उजेडाकडे धरलं की तुमच्या ओळींमागून तारखांची घरं दिसतात, आणि दूधवाल्याने दांडी मारली त्या दिवसाचं घर तुम्ही पेन्सिलीने काळं केलेलं असतं, तेही. पत्र वाचता वाचता दूधवाल्याची नोव्हेंबरातली सगळी लफडी कळली.

पान सोमवारी सुरू झालं. मजकूर त्या त्या भाषेच्या जाणकारांनी तपासून दिलाय. मी ऑफिसातल्या अकराच्या अकरा कॉम्प्युटरवर ते उघडून पाहिलं, एक कानामात्रा हललेली नाही. साहेबांनी तोंडभर नाही तरी ओठभर कौतुक केलं. तीन महिने तक्रार आली नाही तर मला कायम करणार म्हणतात. तेव्हा देवापाशी माझा कागद ठेवलाच आहे, तर एवढं त्याच्या कानावर घालाच.

शिवणवालींना माझा नमस्कार. त्यांना वाचता आलं हेच माझं बक्षीस.

मोठेपणी धाकटीला विसरू नये, एवढंच मागणं.
तुमची धाकटी


दि. १५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

एक सांगते, रागावू नकोस. रागावलीस तरी सांगणारच आहे.

काल मी शिवणवालीकडे मुद्दाम तुझं पान पाहायला गेले. वर रुग्णालयाचं नाव आणि चित्र छान आलंय. त्याखाली मात्र नुसते चौकोन. सगळे रिकामे आणि एकसारखे, ओळीने मांडलेले, जशा कुणी राहत नसलेल्या इमारतीच्या खिडक्या. मी तिला विचारलं की तुमची अक्षरं अशीच असतात का. ती हसली आणि पान फार छान आहे, समजतं, असं म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, हे मला कळलं. तुझ्या कागदावरची तिची अक्षरं मी रोज पाहते. ती चौकोनी नाहीत.

तिला गोळ्या शुक्रवारी मिळाल्या. मशीनवर बसल्यावर हाताशी असाव्यात म्हणून तिने त्या काढून गुंड्यांच्या डब्यात ठेवल्यात. खोकं आणि त्यातली चिठ्ठी टाकून दिली. आपल्या अक्षरांतली चिठ्ठी तिला काय कामाची!

ह्यांचा गुडघा ठीक. दूधवाला या महिन्यात शहाण्यासारखा वागतोय.

राग आला तर पत्रात घालून पाठव, मनात ठेवू नकोस.
तुझी थोरली


दि. १९ मार्च

ती. थोरल्या जाऊबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

राग पत्रात घालून पाठवतेय. तुमचं पत्र वाचून मी तासभर तोंड पाडून बसले. तुमचे दीर म्हणाले, वहिनीला चष्मा बदलायला सांग. मी त्यांना गप्प केलं, पण मनात मीही तेच म्हणत होते.

मी पुन्हा अकराही कॉम्प्युटरवर पान उघडलं. अक्षरं ठणठणीत. साहेबांच्या कानावर घातलं तर म्हणाले की कुणाच्या तरी घरच्या खटाऱ्यापायी कामाचा दिवस घालवायचा नाही. मला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं, हेही लिहूनच टाकते.

चौकोन का येतात ते सांगते. पानात अक्षर नसतं, अक्षराचा नुसता नंबर असतो. त्या नंबराचं चित्र वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरकडे असावं लागतं. नसलं की तो बिचारा रिकामा चौकोन काढून मोकळा होतो. म्हणजे दोष असलाच तर शिवणवालींच्या यंत्राचा. तरीही कुठली अक्षरं अडतात ते मला पाहायचंय. ते पान कॉम्प्युटरवरून इकडे पाठवून उपयोग नाही, कारण इथे पोचलं की ते पुन्हा नीटच दिसणार. म्हणून तुम्हीच दिसतं ते तसंच्या तसं हाताने उतरवून पाठवा. तुमच्याइतकं चोख कोण उतरवणार? एकही चौकोन कमीजास्त नको.

फुगले असले तरी तुमचीच आहे.
धाकटी


दि. २२ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

पाहुणा दाराशी आला पण घरात त्याच्यापुरती खुर्ची नाही, असंच ना ते? मग दोष पाहुण्याला बोलावणाऱ्याचा की घराचा, ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. माझा चष्मा सहा महिन्यांपूर्वीच बदललाय, असं माझ्या दिराला सांग.

दोन दुपारी पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन शिवणवालीच्या टेबलाशी बसले. सोबतच्या दोन कागदांवर पान जसंच्या तसं उतरवलंय. एकूण ओळी चौदा, चौकोन तीनशे बारा. पहिल्यांदा तीनशे अकरा भरले होते, पुन्हा मोजल्यावर ताळा जमला. सगळ्या पानात ओळखीचं म्हणावं असं एकच चिन्ह आहे, तिसऱ्या ओळीत:

□□□□□ □□ 1 □□□□□□□. □□□ □□□□.

पाच, दोन, मग इंग्रजी एक, मग सात. टिंब. तीन, चार, टिंब.

शिवणवालीने त्या एकवर बोट टेकवलं, गुंड्यांच्या डब्याकडे दाखवलं आणि एक बोट वर केलं. रोज सकाळी एक. मी मनात म्हटलं, देवाने निदान आकडा तरी शाबूत ठेवला.

ती हल्ली धड जेवत नाही. तोंड आलंय, नुसतं पाणीसुद्धा झोंबतं म्हणते. मी दूध गार करून नेऊन देते. दोन दिवस तिच्या मशीनचा आवाज नाही, तर घर कसं सुनं वाटतंय. उन्हाचं असेल.

उत्तराची घाई नाही, पण वाट पाहते.
तुझी थोरली


दि. ३० मार्च

ती. थोरल्या जाऊबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी फोनवर मी किंचाळले, त्याबद्दल पोटात घाला. तुम्हाला निम्मं ऐकू येतं, म्हणून दुप्पट ओरडले.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यातच फोडलं होतं. तिसरी ओळ वाचली, वर पळत जाऊन माझी मूळ प्रत काढली आणि पेन्सिलीने एकेक अक्षर मोजलं. पाच, दोन, एक, सात. तीन, चार. तीच ओळ. तिचा अर्थ असा: आठवड्यातून फक्त 1 घ्यावी. रोज नव्हे. बाकी सगळे शब्द गेले होते आणि तेवढा एक शिल्लक राहिला होता. तो नसता तर त्यांनी कुणाला तरी विचारलं तरी असतं. पुढे तोंड आल्याचं वाचलं आणि तिथूनच तुम्हाला फोन लावला. ती गोळी रोज घेतली की पहिल्यांदा तोंडच येतं, असं माझ्याच पानावर नवव्या ओळीत लिहिलेलं आहे.

आता माझी चूक. अकराही कॉम्प्युटरवर पाचही लिप्यांची चित्रं पहिल्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने भरली होती, आणि मग त्याच अकरांवर तपासून खूश होत होते. आपल्याच घरच्या आरशाला मी कशी दिसते म्हणून विचारण्यातला प्रकार! तुम्ही पंधरा तारखेला सांगितलंत तेव्हाच मान्य केलं असतं तर शिवणवालींच्या पोटात चार-पाच गोळ्या कमी गेल्या असत्या. हे मी साहेबांना लिहून दिलंय. कायम होणं सहा महिने पुढे गेलं. जाऊ दे. रुग्णालयाने त्या लिपीतल्या आणखी चौघांना फोन केले. एकजण रोज घेत होता, तिसऱ्याच दिवशी सापडला.

आता अक्षरांची चित्रं पानासोबतच येतात. पाहुणा आपली खुर्ची बरोबर घेऊन येतो म्हणा. अडगळीतून ऑफिसचा सगळ्यात जुना कॉम्प्युटर काढून त्यावर मी काहीएक न भरता तपासलं.

आणि एक. फोन ठेवल्यावर तुम्ही समोर धावत गेलात, शिवणवालींना शब्द कळेनात, तेव्हा हातातल्या कॅलेंडरच्या कागदावरची एका आठवड्याची सात घरं दाखवून त्यातलं एकच काळं केलंत, हे दुसऱ्या फोनवर तुम्ही सहज सांगून गेलात. मी तीच ओळ पाचही लिप्यांत, तिसऱ्या ओळीखाली टाकली आहे:

■□□□□□□

चौकोन काय, कुठल्याही यंत्राला काढता येतात, हे आपण पाहिलंच.

त्या कशा आहेत ते लवकर कळवा. मला दुसरं काही सुचत नाही.
तुमची धाकटी


दि. ९ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

शिवणवाली सोमवारी घरी आली. तेरा दिवस रुग्णालयात होती. डॉक्टर म्हणाले की आणखी आठवडाभर गेला असता तर हातचं गेलं होतं. तोंड भरत आलंय, काल मऊ भात खाल्ला. बोटं अजून सुजलेलीच आहेत, पण रागावण्याइतकी ताकद आलीय. तिच्या मागे मी मशीनवरची धूळ पुसताना दोरा काढून ठेवला, म्हणून मला बोल बसले.

सगळी चूक तू आपल्या नावावर मांडून घेतलीस, ते मला मान्य नाही. नर्सबाईंना विचारू नकोस, असं तिला कुणी सांगितलं होतं? माझ्या जावेचा तोरा मिरवायला निघाले होते मी. ते मी देवापुढे कबूल केलं आणि शिवणवालीपुढेही. देव काही बोलला नाही. ती तिच्या भाषेत बरंच काही बोलली. त्यातलं मला अक्षर कळलं नाही, आणि मग तिने सुई-दोरा माझ्या हातात दिला. म्हणजे मिटलं असावं.

तो कॅलेंडरचा कागद तिने मशीनसमोर भिंतीला टाचलाय. दर शुक्रवारी गोळी घेतली की घर काळं करते. तेव्हा मागच्या वर्षीचा मार्च तुला पत्राला मिळायचा नाही, आणि त्या महिन्यात दूधवाल्याने काय केलं तेही कळायचं नाही.

आज दुपारी तिने तोच जुना कॉम्प्युटर लावला. मी म्हटलं, आधी मला देवाचं नाव घेऊ दे. पान हळूहळू उतरलं. वर रुग्णालयाचं नाव, चित्र, आणि खाली, धाकटे, मोजे! दोरीवर वाळत घातलेले सगळे मोजे! शिवणवाली खुर्ची पुढे ओढून मोठ्याने वाचू लागली. दोन दुपारी बसून जे मी पट्टीने आखलं त्याला आवाज असतो, हे मला पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या ओळीशी ती थांबली. ती ओळ तिने दोनदा वाचली, आणि मग पुढचं वाचवेना म्हणून माझा हात धरून बसून राहिली.

मी दुसऱ्या हाताचं बोट काचेवर ठेवून मोजलं. पाच, दोन, एक, सात. तीन, चार.

ताळा जमला.

घरी येऊन जा, तुझ्या कोटाचं अस्तर उसवलंय म्हणे. ती वाट पाहतेय, मीही.
तुझी थोरली