मॉड्यूल सापडत नाही, बाकी सर्व क्षेम

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणांशी, म्हणजे चपला सोडून थोड्या अंतरावर, धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार.

पत्र लिहायचं फार दिवसांपासून मनात होतं. मनातून हातात यायला उशीर झाला, कारण आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर पत्ता नव्हता (माझा, तुमचा पाठ आहे), आणि दोन्ही जमलं तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. आता इतकं झालंय की बसावंच लागलं. फोन केला असता, पण तुमचा फोन ताई उचलते, आणि ताईशी बोलायला आधी पोटभर जेवलेलं असावं लागतं. तुमचा गुडघा कसा आहे? जिन्यावर अजून कुरकुरतो का? भाचीचे पुढचे दात आले असतील. तिला सांगा, मामा नोकरीला लागला. ताईला इतक्यात सांगू नका, आधी पत्र शेवटपर्यंत वाचा.

नोकरी मोठी सन्मानाची आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात. दोन खोल्या: एकीत भिंतींना स्पंज, मध्ये माईक, दुसरीत यंत्र, आणि मधे काच. मी आलो होतो तो निसटलेला स्पंज पुन्हा चिकटवायला. चिकटवता चिकटवता बघतो, तर मालक काळ्या पडद्याकडे बघून कपाळ चोळतायत. मी सहज म्हटलं, "हे लिनक्स ना?" बस, एवढंच. पण बुडणाऱ्याने फळकुटाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी फळकूट व्हायला तयार झालो. शेवटी तुम्ही संगणकावर बसलात की तुमच्या खुर्चीमागे चहा घेत मी इतक्या संध्याकाळी उभा राहिलोय, त्याचं चीज कुठेतरी व्हायलाच हवं होतं. (तुम्ही प्रत्येक आज्ञा देण्याआधी ती पुन्हा वाचायचात. तेवढ्यात माझा चहा संपायचा, त्यामुळे तो भाग शिकायचा राहिला.)

आता यंत्राचं सांगतो. चार डिस्क आहेत आणि चौघी मिळून एक असल्यासारख्या वागतात. एक रुसली तर उरलेल्या तिघी तिचं काम सांभाळतात. आपल्या घरात हे कधी जमलं नाही. त्यांवर इथली सगळी वाचलेली पुस्तकं आहेत. तयार पुस्तकाची नक्कल मालक बाहेर दुसरीकडे ठेवतात, पण अर्ध्या पुस्तकाची नाही. अर्धं पुस्तक यंत्राबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि नियम म्हटला की मालकांचा आवाज बसका होतो. आता असं एकच पुस्तक आहे. वाचनाच्या बाईंचं. बाई इथे वर्षानुवर्षं वाचायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, म्हणून ती अर्धीच, म्हणून नक्कल नाही, म्हणून बाईंचं हे शेवटचं वाचन जगात फक्त या चार डिस्कांवर आहे. माझं काम सुरुवातीला नुसतं ऐकायचं होतं, कुठे खरखर आहे का ते बघायला. दाजी, मी आयुष्यात एक पुस्तक पुरं केलेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण ते मी कानाला लावून जिन्यात बसून ऐकलं, नंतर कारण नसताना पुन्हा ऐकलं.

झालं असं की मालक मुलीकडे गेले, उद्या सकाळी येतील. जाताना म्हणाले, "कशाला हात लावू नकोस." मी लावला नाही, फक्त साफसफाई केली. पडद्यावर येत होतं की जागा संपत आलीय. बघतो तर जुनी कर्नलं साठलेली. (कर्नल म्हणजे यंत्राचा मुकादम, हे तुमचंच वाक्य.) नवा मुकादम आणून ठेवलेला, जुना अजून खुर्चीत. मी जुन्यांना घालवलं. यंत्राने चौकट काढून विचारलं की हा जो घालवतोयस तोच सध्या काम करतोय, थांबू का? मला वाटलं, सरकारी पद्धत, सगळ्यांनाच विचारत असतील. म्हटलं, नको थांबू.

आणि गंमत म्हणजे काही बिघडलं नाही. मुकादम डोक्यात होतं तेवढ्यावर काम ओढत राहिला. मग आज एका डिस्कची वायर सैल वाटली, म्हणून चौघींचा तो समूह थांबवला, वायर दाबली, पुन्हा सुरू करायला गेलो तर एक त्रुटी. इंटरनेटवर बघितलं. लिहिलं होतं, समूह चालवणारं मॉड्यूल काढा आणि परत घाला. मॉड्यूल म्हणजे मुकादमाचं हत्यार. चार डिस्क एक कशा मानायच्या ते त्याला त्यातून कळतं. काढलं, चटकन निघालं. घालायला गेलो तर उत्तर आलं: मॉड्यूल सापडत नाही. कुठून सापडणार? हत्यारांची पेटी मी मुकादमासकट कालच बाहेर टाकली होती. मग स्थिती बघायची ती फाइल उघडली. तिच्यात समूह चालवण्याचे प्रकार लिहिलेले असतात, आणि त्या ओळीला नाव दिलंय 'व्यक्तिमत्त्वं'. त्यापुढे कोरं. ताईने माझ्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिलं असतं.

त्याच इंटरनेटवर आणखी एक सज्जन होते. त्यांचं म्हणणं, सोप्पं आहे, समूह नव्याने तयार करा. मी आज्ञा टाइपसुद्धा केली. बोट एंटरवर होतं, आणि दाजी, मी ती पुन्हा वाचली. का, ते विचारू नका. चहा नव्हता हातात, म्हणून असेल. वाचल्यावर लक्षात आलं की नव्याने तयार कर म्हणजे जुनं आहे ते विसर. एकेक अक्षर पुसून ठेवलं.

मग खरा उपाय कळला, आणि तो इतका साधा होता की लाज वाटली: यंत्र बंद करून चालू करायचं. नवा मुकादम आपली पेटी घेऊनच येतो. अडचण एकच. या घरात यंत्र बंद करत नाहीत. बटणावर मालकांनी साबणाच्या डबीचं झाकण चिकटवलंय आणि झाकणावर स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'हे म्हातारं आहे, झोपलं तर उठणार नाही'. वीज गेली तर बॅटरी आहे, बॅटरी थकली तर दुसरी बॅटरी आहे. मालक स्वतः दुपारी झोपतात, यंत्राला ती सोय नाही. मी झाकण काढलं (नखाने, अलगद, परत बसेल असं), आणि यंत्राला बंद व्हायची आज्ञा दिली. पंखे थांबले. तेव्हा कळलं की इथे इतके दिवस एक आवाज सतत होता. मग बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. तिच्यासमोर बसूनच हे लिहितोय. काम झाल्यात जमा आहे. काळजीचं काहीच कारण नाही, माझा आत्मविश्वास तुम्हाला ठाऊकच आहे. सर्वांना यथायोग्य, गुडघ्याला विशेष.

आपला,
संगणक विभाग (एकटाच)

ता. क. रेघ अजून लुकलुकतेय. तुमच्या मागच्या खोलीतली कॉट मोकळी आहे का? सहज विचारलं. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. संध्याकाळची पाचची बस मिळाली तर मालक येण्याआधी मी तुमच्याकडे असेन, पत्राच्याही आधी. ताईला सांगा, तुमच्या गुडघ्यासाठी आलोय.

ता. क. २. दाजी, रेघ हलली. अक्षरं धावली, मी ती फाइल उघडली, व्यक्तिमत्त्वं आली, चौघी हजर. बाईंची कादंबरी जागेवर आहे. पहिली नक्कल काढायला लावली, नियम गेला उडत. बस सुटायला अजून वेळ आहे, आणि आता उद्या मालकांना झाकणाबद्दल काय सांगायचं ते कळत नाही, म्हणून कॉटचं तेवढं बघाच.

ता. क. ३. घाईत लिहितो. दार वाजलं. मला वाटलं मालक, तर गळ्याला रुमाल बांधलेल्या एक बाई. ऑपरेशननंतर त्या इथे फिरकल्या नव्हत्या. मी उठून उभा राहिलो. त्यांनी हाताने विचारलं, आहे का? मी त्यांच्या कानाला लावून दिलं. त्या बराच वेळ ऐकत बसल्या, मग माझ्याच या कागदाच्या मागे लिहिलं (उलटून बघा, अक्षर त्यांचं आहे): 'इथे फार घाई केली मी. असो. शेवटचं प्रकरण तू वाच.' मी म्हटलं, मला जोडाक्षरं झेपत नाहीत. त्यांनी पर्समधून पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडून माझ्या हातात दिलं, आणि आता काचेपलीकडे बसून पेन्सिलीने टेबलावर ठोकतायत. चुकलं की ठोकतात. पहिल्याच ओळीला तीनदा. बस गेली.