चौथ्या कॉम्प्युटरचा नंबर

बेलापूर,
रविवार, २८ नोव्हेंबर १९९९

प्रिय प्रशांत,

सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे खुशाल. तुझी तब्येत कशी आहे, बंगळूरला थंडी पडली का, आणि खाणावळीतलं ते गोड सांबार अजून तसंच आहे का, ते कळव. दादांचा गुडघा सकाळी धरतो, पण ते कबूल करत नाहीत. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे, कोणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते.

घरात ई-मेलची सोय असताना ताई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. अरे, आपल्या घरात मेल लिहिणं म्हणजे पारावर बसून बोलणं. मी लिहायला बसले की दादा खुर्ची ओढून शेजारी येतात. इंग्रजी अक्षरांतलं मराठी मोठ्याने वाचतात आणि "ही कुठल्या गावची भाषा?" म्हणून मलाच विचारतात. फोनवर बोलावं तर आई मागून निरोप ओरडत असते. पत्र बरं. पत्राच्या वेळी कोणी वाकून बघत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तू येऊन तिन्ही कॉम्प्युटर वायरीने जोडून दिलेस, त्याला महिनाही झाला नाही, आणि तेवढ्यात आपल्या घरात एक तंटा होऊन मिटलासुद्धा. तो आधी सांगते.

तू जाताना समजावलं होतंस की प्रत्येक कॉम्प्युटरला एक आयपी ॲड्रेस लागतो. पुढचे आकडे घरातल्या सगळ्यांचे सारखे, आडनावासारखे, आणि शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. घरातल्याच माझ्या क्लासच्या खोलीतल्या ज्या कॉम्प्युटरला फोनची तार आहे त्याचा एक. बाकीचे चालू झाले की तोच त्यांना नंबर देतो. मला हे लगेच पटलं. दादांना पटलं नाही.

आतल्या खोलीतला कॉम्प्युटर दादांचा, हे तुला माहीतच आहे. त्यावर ते पेपर वाचतात असं सांगतात आणि पत्ते खेळतात. तू शिकवलंस तसं रोज सकाळी स्वतःचा नंबरही बघतात. एके दिवशी मला हाक मारली.

"शुभांगी, काल मी दोन होतो. आज तीन कसा?"

"दादा, क्लासचा दुसरा कॉम्प्युटर आज आधी चालू केला. जो आधी चालू होतो त्याला मिळाला दोन."

"म्हणजे उशिरा उठलं की घरातला नंबर गेला?"

आई आतून म्हणाली, "मंग उठा की लवकर. पंचेचाळीस वर्सं मी उठतीच हाय."

दुसऱ्या दिवशी मी श्रीरामपूरला बाजाराला गेले होते. परत आले तर क्लासमधलं इंटरनेट बंद, छपाई बंद, सगळंच बंद. मी वायरी हलवून बघितल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केले, शेवटी आत गेले. दादा शांतपणे पत्ते लावत बसलेले. त्यांनी स्वतःच्या हाताने आपला नंबर एक करून टाकला होता!

"घरातला मोठा मी," म्हणाले. "एक माझाच पाहिजे."

मी डोक्याला हात लावला. एक नंबर फोनवाल्या कॉम्प्युटरचा, बाहेर जायचं ते त्याच्यातूनच, हे मी तीन तऱ्हांनी सांगितलं. ऐकेनात. मग आई पदराला हात पुसत आली. "आवो, त्यो एक म्हंजी आपला दरवाजा. दरवाजाच्या जागी तुमी उभं राह्यल्यावर मानसांनी घरात यायचं कुठून?"

दादांनी आणखी एक पत्ता लावला. मग म्हणाले, "बरं. दरवाजाला एक. पण दोन माझा. पक्का. मी दुपारी बारा वाजता उठलो तरी माझा." म्हणून मी त्यांना दोन नंबर हाताने कायमचा घालून दिला. त्यांनी कॉम्प्युटरवर कागद चिकटवला आहे: 'दादा – २'.

आता एक शंका, फक्त माहितीसाठी विचारते. आपल्याकडे आता दर शनिवारी एक चौथा कॉम्प्युटर येतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. स्कूटरवर मागे गोधडीत गुंडाळून, दोरीने आवळून आणतात. आई म्हणते, "पोटुशी लेक माहेराला आनल्यागत आनत्यात." त्याला दर वेळी मशीन देईल तो नंबर मिळतो. अशा येऊन-जाऊन असणाऱ्याला पक्का नंबर देता येतो का? दिला तर बाकीच्यांना काही त्रास होतो का?

कॉम्प्युटर कोणाचा आहे, हे तसं महत्त्वाचं नाही.

तू मोठ्या फ्लॅटचे फोटो पाठवलेस, ते सगळ्यांनी बघितले. खोल्या ऐसपैस दिसतात. खिडकीबाहेरचं झाड कसलं आहे? आम्ही तिघांनी फेब्रुवारीत कायमचं तिकडे यावं असं तू लिहिलं आहेस, त्यावर पुढच्या पत्रात सविस्तर लिहिते. आत्ता मुलं क्लासला यायची वेळ झाली आहे.

(आज रविवार आहे आणि रविवारी क्लास नसतो, हे मला वरचं वाक्य लिहून झाल्यावर आठवलं. पण शाईने लिहिलं आहे, खोडत नाही.)

तुझी,
ताई


बेलापूर,
रविवार, १२ डिसेंबर १९९९

प्रिय प्रशांत,

सप्रेम जयभीम.

तुझा फोन आला तेव्हा दादा माझ्या शेजारीच पान लावत बसले होते. तू म्हणालास, "देता येतो की. हातानेच घाल, दहा वगैरे कुठला तरी मोकळा." आणि मग हळूच विचारलंस, "ताई, कॉम्प्युटर कोणाचा गं?" मी म्हणाले, "क्लासचा." तू "बरं" म्हणालास, पण तुझं ते "बरं" मला ओळखू येतं. लहानपणी मी "खाऊ संपला" म्हणायचे तेव्हा तू असंच "बरं" म्हणायचास आणि डबा उघडून बघायचास.

तर डबा उघडते.

कॉम्प्युटर काकासाहेब सरांचा आहे. श्रीरामपूरला आयटीआयमध्ये शिकवतात ते. मूळचे काष्टीचे. दोन वर्षांपासून शनिवारी आपल्या क्लासच्या मुलांना यंत्राच्या आतलं शिकवायला येतात. तू त्यांना भेटला आहेस. दिवाळीत तू झरोक्यातून वायर ओढत होतास तेव्हा खाली शिडी धरून उभे होते ते. तू त्यांना "मामा, जरा घट्ट धरा" म्हणाला होतास. आता मामा म्हणू नकोस.

काल काय झालं ते ऐक. तुझा निरोप मी सरांना सांगितला होता की पक्का नंबर हाताने घाला. त्यांनी आपल्या खोलीवरच घालून आणला. कुठला घातला ते मी विचारलं नाही, आणि तू सुचवलेला दहा, दादांचा ठरलेला दोन, यातलं काहीच सांगायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. सरांनी गोधडी सोडली, वायर लावली, यंत्र चालू केलं. दोनच मिनिटांत आतून दादांचा आवाज.

"शुभांगी! माझ्या नंबरावर कोण बसलंय?"

त्यांच्या पडद्यावर पत्त्यांच्या मधोमध एक चौकट उघडली होती: तुमचा हा ॲड्रेस दुसरंही एक यंत्र वापरत आहे. दादा चष्मा कपाळावर ठेवून बाहेर आले. सर उठून उभे राहिले. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखे उभे.

"चुकलं, दादा. एक इथल्या फोनवाल्याचा हे माहीत होतं, म्हणून त्याच्या पुढचा घेतला. मला वाटलं मोकळा असेल."

"मोकळा कसा असेल? कागद चिकटवलाय मी."

"आत्ता बदलतो." मी म्हणाले, "दहा घाला, प्रशांतने सांगितलाय."

"बदला. पण मला एक सांगा." दादा खुर्चीत बसले. साखर कारखान्यात नोकरीला असताना वजनकाट्यावर उसाच्या गाडीवाल्याला विचारायचे ना, त्या आवाजात विचारलं. "शनिवारी येणार, रविवारी जाणार. अशाला मशीन देतं तो नंबर चालतो. पक्का नंबर घरातल्याला लागतो. तुम्हांला कशाला हवा?"

सर माझ्याकडे बघायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होती. प्रशांत, मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, सबंध क्लासला धाकात ठेवणारी, माझे कान तापले. आणि मी बोलून गेले.

"दादा, आम्ही दोघं लग्न करणार आहोत."

दादांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग आई म्हणाली, "येवढं बोलायला दोन वर्सं लागली व्हय? मी कदीच्या काळी त्यांचा बिनसाखरेचा चहा शिकून बसले."

दादा तिच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"आता मुलांना शिकवाया आख्खा कॉम्प्युटर कोन गोधडीत घालून आनतंय? हितं काय कॉम्प्युटरचा दुष्काळ हाय? तीन हायेत. तुमी एक तर निस्तं पत्त्याला लावलाय."

सरांना हसू आवरेना. मलाही. दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी सरांना बसायला सांगितलं, त्यांच्या घरचं विचारलं. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी मनमाडला दिली आहे, तिला सगळं माहीत आहे, हे सरांनी सांगितलं. मग दादांनी मला विचारलं, "म्हणजे तू श्रीरामपूरला जाणार?"

"नाही. मी इथेच राहणार. सर इकडे येणार."

दादांची मान खाली गेली. "जावई सासऱ्याच्या घरात? लोक काय म्हणतील?"

आईने परात खाली ठेवली. एवढी ठणकावून बोलताना मी तिला क्वचितच पाहिलं आहे. "मी कोल्हारहून तुमच्या घरी आले तवा लोकं काय म्हनली? काय न्हाई. मला कोनी इचारलं बी न्हाई. आता एक बाप्या बाईच्या घरी आला तर लगेच लोकं आठवली?"

दादा उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. सर वायर काढायला लागले. तेवढ्यात आतून दादांची हाक आली, "अहो सर, आत या. तो दहा नंबर कसा घालतात, मला बघायचाय." आणि दोघं पडद्यासमोर डोकी लावून बसले. जाताना सर गोधडी दोरीसकट घेऊन गेले. कॉम्प्युटर इथेच ठेवून गेले.

हे सगळं हसत लिहिलं. आता जे लिहायला मागच्या पत्रात धीर झाला नाही, ते लिहिते.

तो फ्लॅट तू आमच्यासाठी घेतलास. फोटोच्या मागे तू खोल्यांवर नावं लिहिली आहेस, आणि झाडाच्या बाजूची खोली माझी आहे. मी तो फोटो कितीदा पाहिला, तुला सांगू शकत नाही. नाही म्हणणं मला जड जात होतं, म्हणून मी झाडाची चौकशी करत बसले. तू दहावीत असताना मी टायपिंग शिकवून तुझी पुस्तकं आणली, हे तू अजून मनात धरून आहेस, हे मला माहीत आहे. तुला त्याची फेड करायची आहे. पण बाळा, मी तेव्हा काही सोसलं नव्हतं रे. तू पुढे जाताना बघायला मला मजा येत होती. त्यात फेडण्यासारखं काही राहिलेलं नाही.

मी येणार नाही, प्रशांत. दादा आणि आईही इथेच राहायचं म्हणतात. तुला वाईट वाटेल म्हणून तेही महिनाभर तोंड मिटून होते. काल आईने सांगितलं तेव्हा कळलं की आम्ही तिघंही एकमेकांची मनं राखत बसलो होतो.

सर कसे आहेत असं तू विचारशील. मोठ्याने बोलत नाहीत. मी चिडले की पेचकस घेऊन एखादं यंत्र उघडून बसतात आणि मी शांत होईपर्यंत बंद करत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात क्लासची वीज गेली होती. आम्ही दोघं अंगणात बसून उसाचा रस पीत होतो, काहीच बोलत नव्हतो, आणि मला एकाएकी लक्षात आलं की वीज येऊ नये असं मला वाटतंय. एवढंच. याहून मोठं काही घडलं नाही. माझ्या वयाला एवढं पुष्कळ होतं.

लग्न रविवारी, नऊ जानेवारीला, गावातल्या विहारात सकाळी दहा वाजता. त्रिशरण, पंचशील, फुलांचे हार आणि मग घरी जेवण. आई पुरणपोळीवर अडून बसली आहे. तुझ्या ऑफिसात दोन हजार सालाच्या गोंधळामुळे सगळ्यांच्या रजा बंद आहेत, हे तू सांगितलं होतंस. एक तारखेला कॉम्प्युटर बंद पडले तर तुला तिथे बसावं लागेल, हे मला समजतं.

आजवर मी पुष्कळ गोष्टी पुढे ढकलल्या. दादांची निवृत्ती होऊ दे, तुझं शिक्षण होऊ दे, क्लास उभा राहू दे. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच ढकलत गेले. म्हणून तारीख ठरवताना सर म्हणाले, "प्रशांतला विचारून ठरवू, पंधरा दिवस मागेपुढे झाले तर काय?" तेव्हा माझ्या तोंडून पटकन "नाही" निघालं. स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकले, आणि मग मला फार बरं वाटलं.

तू यावंस. माझ्या डाव्या बाजूला तू उभा असावास, असं मला मनापासून वाटतं. रागावला असशील तर रागावूनच ये. फोनवर उत्तर देऊ नकोस, इथे चार जणांचे कान असतात.

तुझी वाट पाहणारी, आणि या वेळी तारीख न बदलणारी,

शुभांगीताई