हॅमरडालची अँब्युलन्स आणि राज्याचं पक्वान्न

आर्डिसताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. राजधानीत बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलाय, तेव्हा हा नमस्कार कोट-टोपीसकट केलाय असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाचं ऊन त्यांना मानवलं असं तू लिहितेस, आणि त्याच पत्रात शेजारणीबरोबर नाच शिकायला जातेस असंही लिहितेस. दोन्हींतलं नेमकं काय मानवलं ते कळव. संत्री पोचली. अर्धी मी खाल्ली, अर्धी सभागृहात वाटली (आम्हा आमदारांना भेटवस्तू घ्यायला बंदी आहे, पण सोलून हातावर ठेवलेल्या संत्र्याला अजून कुणी भेट म्हटलेलं नाही).

आपल्या गावच्या साप्ताहिकात मी लिहितो ते 'आमदाराच्या चष्म्यातून' सदर वाचताना झोप लागते, अशी तुझी तक्रार आहे. लागणारच. त्यात मला 'अधिवेशनात मालमत्ता कर, शाळांचं अनुदान व ग्रामीण आरोग्य हे तीन प्रश्न ऐरणीवर आहेत' असंच लिहावं लागतं. मालमत्ता कर कमी व्हावा याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, आणि कुणाचा आधी, यावर जानेवारीपासून भांडण चाललंय. शाळांना पैसे द्यावेत याबद्दलही एकमत आहे, फक्त ते दुसऱ्याच्या तालुक्यातून यावेत. खरं काय घडलं ते सदरात लिहिलं असतं तर मला गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. म्हणून तुला लिहितो. (हे पत्र नाचाच्या वर्गात मोठ्याने वाचू नकोस.)

तू ऑक्टोबरात दक्षिणेला गेलीस आणि मागोमाग आपली अँब्युलन्स बंद पडली. गाडीला काही झालेलं नाही, माणसं संपली. कायदा म्हणतो, गाडीत पूर्ण शिक्षण घेतलेली दोन माणसं हवीत, आणि हॅमरडालमध्ये उरली आहे एकटी जॉइस ट्वाइट. बाकीचे म्हातारे झाले किंवा पोरांकडे शहरात गेले. नाताळाच्या आधी कर्मिट ओसन धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून पडला तेव्हा जॉइस धावत आली, पायाला फळ्या बांधल्या, पण त्याला गाडीत घालून न्यायची तिला परवानगी नाही! पलीकडच्या तालुक्यातून गाडी येईपर्यंत कर्मिट बर्फात, घोड्याच्या झुलीखाली पडून होता आणि जमलेल्यांना कोठाराचं दार नीट लावा म्हणून ओरडत होता. ओरडायचा थांबला तेव्हा आम्ही घाबरलो. पाय वाचला, पण थोडक्यात. मी तिथेच, त्याची टोपी हातात धरून, ठरवलं की आमदार म्हणून मला एवढं एकच काम करायचंय: मागे एक शिकलेलं माणूस असलं, तर पुढे थोडक्या प्रशिक्षणावर साधा ड्रायव्हर चालेल, असा कायदा.

विधेयक गेलं आरोग्य समितीपुढे. समितीचे अध्यक्ष गेलॉर्ड फाइस्ट. हा माणूस हसला तर बातमी होईल. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की अर्धवट सोय धोक्याची असते. ते भले लोक होते, आणि त्यांच्या शहरात ते खरंही असेल. मग मी उठलो. रात्रभर घोकलेलं भाषण खिशात होतं, आणि तो कोट मोटेलवर होता. जनावरांच्या डॉक्टरला जे सुचतं तेच मला सुचलं. म्हणालो, "अध्यक्षमहाराज, हॅमरडालमध्ये गाय अडली तर मी वीस मिनिटांत पोचतो. बाई अडली तर कुणी पोचत नाही."

आधी सगळे हसले. मग कुणीच हसेना. मला वाटलं, जिंकलो. समितीने एका मताच्या फरकाने 'नामंजूर करावं' अशी शिफारस केली, आणि ते एक मत फाइस्टचं होतं.

मी जागेवर येऊन बसलो तो विझल्यासारखा. माझ्या शेजारी डेल्फीन रोरिख बसतात. त्यांची ही आठवी खेप, आणि सगळं अधिवेशन त्या मोजे विणत ऐकतात. सुया न थांबवता म्हणाल्या, "ऑर्लिन, तोंड सुतकी करू नकोस. समितीची शिफारस म्हणजे काही सभागृहाचं मत नव्हे. आता राज्याचं पक्वान्न येतंय, ते होईपर्यंत दम धर."

ताई, हे पक्वान्न प्रकरण तुला माहीत नाही. राज्याला अधिकृत फूल आहे, पक्षी आहे, मासा आहे. गोड पदार्थ मात्र नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. जर्मन मंडळींनी साय-अंड्याचं सारण भरलेली कूखन पुढे केली. आपले नॉर्वेवाले लोणी-साखर लावलेली लेफ्से घेऊन उभे राहिले. मालमत्ता करावर डुलक्या घेणारं सभागृह ताडकन जागं झालं. एका सद्गृहस्थांनी लेफ्सेला 'बटाट्याची पोळी, आणि तीही उपाशी' म्हटलं. आमच्या बाजूने कूखनचा 'हलणारा पाव' असा उद्धार झाला. एक जण आजीच्या आठवणीने रडला. जेवणाची सुट्टी झाली, आणि ती कुणी घेतली नाही! अँब्युलन्सला समितीत जेमतेम अर्धा तास मिळाला होता.

शेवटी मतदान पुकारलं. कूखनला हो तर हिरवं बटण, नको तर तांबडं. मी लेफ्सेचा, मला तांबडं दाबायचं. नेमका त्याच क्षणी डेल्फीनबाईंचा लोकरीचा गुंडा माझ्या कॉफीत पडला. मी एका हाताने पेला सावरला आणि दुसऱ्याने बटण दाबलं. भिंतीवरच्या फलकावर बघतो तो हॉग्रुड या आपल्या घराण्याच्या नावापुढे हिरवा दिवा! कूखन एका मताच्या फरकाने जिंकली.

फाइस्ट कूखनवाल्यांचा पुढारी. तो दोन रांगा ओलांडून आला आणि त्याने माझा हात गदागदा हलवला. "हॉग्रुड, आपल्या माणसांविरुद्ध उभं राहायला छाती लागते," म्हणाला. मी काही बोललो नाही. (तोंडात कॉफी होती. आणि विधेयक अजून यायचं होतं.)

दुसऱ्या दिवशी विधेयक सभागृहात आलं. फाइस्ट उठला. तो म्हणाला, "समितीत मी विरोधात मत दिलं. ते चुकलं. आज मी बाजूने देतोय, आणि तुम्हीही द्या." इतकंच बोलून खाली बसला. फलकावर एकेक दिवा हिरवा होत गेला. मी या खेपेला दोन्ही हातांनी, बोट न् बोट तपासून बटण दाबलं. भरघोस मतांनी पास! वरच्या सभागृहानेही फार खळखळ केली नाही, आणि गेल्या शुक्रवारी राज्यपालांची सही झाली.

पण ताई, मला अन्न गोड लागेना. कुणी आपल्याला शूर समजावं आणि आपण फक्त कॉफी सांडलेली असावी, हे बरं नव्हे. मी फाइस्टला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

तो हसला. (बातमी झाली नाही, साक्षीदार मी एकटाच होतो.) म्हणाला, "अरे, तू 'बाप रे, हिरवं!' म्हणून ओरडलास ते गॅलरीतसुद्धा ऐकू गेलं. मी तुझी गंमत केली. कूखनसाठी कुणी कायदा बदलतं होय?"

"मग?"

"त्या गाईने मला झोपू दिलं नाही. माझी धाकटी लेक हद्दीजवळच्या गावात राहते, मे महिन्यात बाळंत व्हायची आहे. घरी जाऊन तिला फोन केला, विचारलं, तुमच्याकडे अँब्युलन्स किती वेळात येते? ती म्हणाली, बाबा, कुठली अँब्युलन्स?"

मग आम्ही दोघं जिन्यातच बसलो आणि शाळांच्या अनुदानावर कडाडून भांडलो. पण पुढच्या अधिवेशनात शाळांचं विधेयक दोघांनी मिळून आणायचं ठरलंय. ताई, सबंध हिवाळ्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

प्रकृतीला जप. नाचताना डावा गुडघा सांभाळ.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्लिन

ता. क. कुणी कोणतं बटण दाबलं ते साप्ताहिकाने नावानिशी छापलं. रविवारी चर्चमधल्या बायकांनी कॉफी दिली, सोबत खायला काही दिलं नाही.

ता. क. २. आता मूळ मुद्दा. कायदा ऑगस्टपासून लागू होईल, पण जॉइसला ड्रायव्हर मिळत नाही. तरुणांना बर्फातल्या रस्त्याची भीती वाटते. तू तीस वर्षं शाळेची बस चालवलीस आणि एकदाही खड्ड्यात घातली नाहीस. प्रशिक्षणासाठी या वर्षी थोडी लवकर येशील का? नीट विचार कर, माझी घाई नाही.

ता. क. ३. तुझं नाव मी मंगळवारीच गावच्या सभेत फोनवरून देऊन टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जॉइसची फक्त एक विनंती आहे: बसमध्ये आरशातून एकदा बघितलंस की मागची पोरं श्वास रोखून बसायची, तसं पेशंटकडे बघू नकोस. त्याचा श्वास चालू ठेवायचा आहे.