आईंचं नाक

३ मार्च, मंगळवार
पुन्हा बोगदा. नमुना ११. सोया मेण, वात चार नंबर, मोगरा. मधोमध विहीर पडली, कडेचं मेण जसंच्या तसं, आणि ज्योत त्या विहिरीत बुडून मेली. बुद्धवंदनेला लावली, पाणी भरायला खाली गेले, वर येईपर्यंत विझलेली. रिजेक्ट.

एकोणीस वर्षं मोरिवलीच्या कंपनीत बाटल्यांची सीलं तपासली. पास, रिजेक्ट, पास, रिजेक्ट. कंपनी बंद झाली, शिक्का मारायची खोड राहिली. आता स्वतःच्याच मालावर मारतेय.

वासाचं आईंना विचारलं. "येतोय की. मस्त येतोय." चला, एक तरी रकाना पास. सासूबाईंचं नाक हीच आमची लॅब. माझं कोरोनात गेलं ते परत आलंच नाही. त्याच आठवड्यात नवरा गेला, प्रकाश. नाकाचं दुःख करायला तेव्हा सवड नव्हती.

६ मार्च, शुक्र.
शुक्रवार म्हणजे लाईट बंद, सकाळी नऊपासून. पंखा नाही, म्हणून ज्योत ताठ. दुपारभर समोर बसून राहिले. काजळी नाही, बोगदाही नाही. म्हणजे सगळा दोष पंख्याचा!

आठवड्यातून एकदा मेणबत्ती नीट जळते आणि ती घामाने निथळत बघायची. लेबलवर छापू का, फक्त शुक्रवारी लावावी म्हणून?

९ मार्च
पंख्याचा वारा लागणार नाही अशी घरात एकच जागा, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंखालचा कोनाडा. तिथेच तर लावते रोज. म्हणजे पंखा नव्हे. मग काय?

उल्हासनगरला गेले, कॅम्प तीन. मेणवाले शेठ म्हणाले, "दीदी, बत्ती मोटी लो. पाँच नंबर. टेन्शन खतम." घेतली. वातीच्या टोकाला काळं बोंड, ज्योत वीतभर, बरणी एवढी तापली की हात लावता येईना. आईंचा पदर थोडक्यात वाचला. रिजेक्ट. टेन्शन काही खतम झालं नाही.

१२ मार्च
मंगलचा फोन. आमच्याच पॅकिंगमधली, आता जांभूळकडच्या कंपनीत आहे. "सुजाता, जागा निघतेय. मे महिन्यापासून. बारा तासांची शिफ्ट हाय, पण घेतील तुला." सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री आठला परत.

आणि आई? जानेवारीत बाथरूममध्ये पडल्या तेव्हा मी घरात होते म्हणून निभावलं. चौदा तास एकट्या कशा राहतील?

शेजारच्या शोभाताई महिला मंडळात आहेत, त्यांनी शब्द टाकलाय. बुद्धपौर्णिमेला विहाराबाहेर टेबल. मेणबत्त्या पसंत पडल्या तर मंडळ दर महिन्याला घेईल, बदलापूरचंही मंडळ घेईल. मग मला कुठे जायला नको. घरात बसून ओतायच्या, आई डोळ्यासमोर. एवढंच मागणं आहे. पौर्णिमेपर्यंत जमलं पाहिजे.

आईंना नोकरीचं सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

१९ मार्च
सापडलं!! आणि डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

आज पाणी उशिरा आलं म्हणून मी घरातच होते. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील, जेमतेम वीस मिनिटं. आई उठल्या, स्टीलची वाटी आणली आणि मेणबत्तीवर पालथी घातली. फुंकर मारत नाहीत त्या, कधीच नाही. वाटी उलटी केली तर आतून काळीकुट्ट.

"आई, हे काय?"

"मंग? वंदना झाली की. उगा कशाला जाळायची? उरंल ती उद्याला."

पहिल्यांदा पेटवली की मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत जळायलाच हवी, दोन-अडीच तास. नाही तर जेवढं पहिल्यांदा वितळलं तेवढंच दर वेळी वितळतं आणि बोगदा पडतो. मी मेण बदललं, वात बदलली, उल्हासनगरच्या खेपा घातल्या. आणि इथे रोज वीस मिनिटांत वाटी. वहीत मी लिहितेय, "वात बुडाली."

रागवावं तरी कसं? लहानपणापासून मेणबत्ती पुरवून वापरलेली बाई आहे. आमच्याकडे सगळ्याच घरांत वाटी असते. माझ्या आईकडेही होती.

२५ मार्च
नमुना १६. तीन तास. मेण कडेला टेकलं, ज्योत ताठ, काजळी नाही. पास. या वहीतला पहिला.

आईंना विचारलं. "मोगऱ्याच्या वेणीवानी येतोय."

शोभाताई जिन्यात भेटल्या. "अगं, काल ओतत होतीस ना? दुसऱ्या माळ्यापर्यंत मोगरा! सगळे विचारत होते, कुणाकडे लग्न आहे म्हणून." आज मी चक्क गुणगुणत भाजी चिरली. बऱ्याच दिवसांनी.

३१ मार्च
दूध करपलं. मी खाली पाण्याच्या रांगेत, शोभाताईंनी दार बडवलं म्हणून कळलं. करपल्याचा वास म्हणे सगळ्या माळ्यावर. आई शेगडीपासून दोन हातांवर बसलेल्या. म्हणे, "डोळा लागला गं."

मांडीवरच्या सुपात निवडलेले तांदूळ होते. सूप भरून.

नको तेवढं बोलले त्यांना. नंतर वाईट वाटलं. पातेलं गेलं ते गेलंच.

५ एप्रिल, रवि.
उकाडा. मेणबत्त्यांना घाम येतोय, वर सुगंधी तेलाचे थेंब. बारांपैकी पाच अशा. पुसून ठेवल्या, पुन्हा घामेजल्या. शेठना फोन. "दीदी, गर्मी में मेरे को भी आता है, बत्ती को क्या बोलें." फ्रीजमध्ये ठेवल्या तर पांढरे डाग पडले. या उन्हाळ्यात मेण म्हणजे हट्टी पोर. पुढच्या घाण्यात तेल थोडं कमी केलं, तेव्हा कुठे घाम थांबला.

आईंना पुन्हा विचारलं, कमी तेलाची चालेल का? "चालंल की. येतोय मस्त."

११ एप्रिल
सहा बरण्या शोभाताईंकडे दिल्या. मंडळातल्या सहा घरांत वाटतील, तीन इथे, तीन बदलापुरात. पहिल्या दिवशी तीन तास जाळा, वाटी घालू नका, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. वाटीला दोनदा अधोरेखित केलं.

१४ एप्रिल
जयंती. विहारात गर्दी, निळे झेंडे, खीर. समोर शेकड्याने साध्या पांढऱ्या मेणबत्त्या, एकीला एक चिकटलेल्या, वाऱ्यावर, वेड्यावाकड्या. सगळ्या भक्क जळत होत्या. कुणी टेस्ट केल्या नव्हत्या.

प्रकाश असता तर हसला असता मला.

१७ एप्रिल, शुक्र.
शोभाताई आल्या. आधी पाणी मागितलं, मग बसल्या, मग पंखा नाही म्हणून पदराने वारा घेतला. मी ओळखलं.

"रागवू नको हं. दिसते सुरेख. जळते पण मस्त. पण वास नाही गं."

"कुणालाच?"

"सहाच्या सहा घरांत. एकीने तर नाक लावून बघितलं, भुवई जळायची राहिली."

मी म्हटलं, आमच्या आईंना येतो की. रोज येतो. शोभाताईंनी आईंकडे पाहिलं. आई उठून आत गेल्या. ग्लास विसळायला. ग्लास अजून शोभाताईंच्याच हातात होता.

१८ एप्रिल
कंपनीत एक पद्धत होती. तपासणारीवर संशय आला की मुद्दाम खोटा नमुना मधे सरकवायचा. मी कितीतरी पोरींना असं पकडलंय.

आज एक मेणबत्ती बिनवासाची केली. नुसतं मेण. तीच बरणी. कोनाड्यात लावली, तासभर जळू दिली.

"आई, येतोय का?"

"येतोय की. मोगरा. मस्त."

थोड्या वेळाने तीच उचलून आत नेली, परत आणली. "ही गुलाबाची हं."

"हां. गुलाब. ह्यो जास्त चांगला."

मी भाकऱ्या थापल्या. पहिलीच भाकरी फाटली.

१९ एप्रिल, रवि.
विचारलं. चहा देता देता, सरळ.

"आई, कधीपासून वास येत नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तवाच्यापासनं. तुझ्यासंगंच गेला की माझाबी. त्याच आठवड्यात." मग म्हणाल्या, "पक्या गेलेला. नाकाचं काय सांगत बसू?"

माझंच वाक्य. ते मी या वहीबाहेर कुणाला सांगितलेलंही नाही.

"पण मग मला खोटं का सांगितलंत? दोन महिने?"

"न्हाई म्हणले असते तर तू सोडून दिलं असतंस. मंग गेली असतीस त्या कामाला. मी दिवसभर हितं एकटी..." आणि तोंडाला पदर लावला.

मला इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच करता आलं नाही. त्यांचा कप उचलून धुतला.

२० एप्रिल
दुधाचं आठवतंय. डोळा लागला नव्हता. टक्क जाग्या बसल्या होत्या, दोन हातांवर.

पाच वर्षं. घरात सिलिंडर, आणि दोन बायका, दोघींना वास नाही. मला वाटायचं मी बाहेर गेले तरी आई आहेत. त्यांना वाटत असेल काय, कोण जाणे. नळी गळली असती तर शोभाताईंना कळलं असतं, आम्हाला नाही.

म्हणजे मेणबत्त्या करायला नाक नाही, आणि नोकरीला जायचं तर यांना गॅसजवळ एकटं सोडायचं. दोन दारं होती, दोन्ही एकाच दिवशी लागली.

२३ एप्रिल
मेणबत्त्यांचा वास का गेला तेही आता कळलं. मी सुगंधी तेल ओतायची आणि मेण गॅसवरच ठेवायची, पातळ राहावं म्हणून. गरम मेणातून वास सगळा उडून जातो. दुसऱ्या माळ्यापर्यंत मोगरा! त्या दिवशी गुणगुणत भाजी चिरली मी. सगळा मोगरा जिन्यात गेला आणि मी खूश. ज्याला नाक आहे असं कुणीही शेजारी उभं असतं तर पहिल्याच दिवशी म्हणालं असतं, अगं बंद कर.

आता मेण उतरवून, साठ डिग्रीपर्यंत निववून मग तेल. नमुना २९. जळते छान. वासाचा रकाना कोरा.

२६ एप्रिल, रवि.
शोभाताई भाचीच्या लग्नाला गावी गेल्या. पौर्णिमेला परस्पर विहारात येणार.

नमुना ३० घेऊन वरच्या माळ्यावर गेले. त्या बाई म्हणाल्या, "छान आहे हो." सर्दी झालेली होती. भाजीवाल्याला दाखवली. "एक नंबर, ताई." त्याने बरणी हातातसुद्धा घेतली नाही. खालच्या वहिनी झाकण उघडायच्या आधीच, "वा!" सगळे छानच म्हणतात. आता छान या शब्दावर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही.

२८ एप्रिल
मंगल. "सोमवारपासून ये. परवापर्यंत हो की नाही सांग, दुसरीला देतील."

आईंना म्हटलं, जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये घालून नेला तर? मी अर्धवट चेष्टेत म्हटलं होतं.

"ने की," त्या म्हणाल्या. "चहा थर्मासात ठिवून जा. मी बसंन." आणि हसल्या. मला ते हसणं बघवेना.

३० एप्रिल, गुरु.
उद्या पौर्णिमा. शोभाताईंचा फोन. "घेऊन ये गं. नाही तर वासाच्या म्हणू नकोस, नुसत्या मेणबत्त्या म्हण. शोभेच्या." बरं म्हटलं.

संध्याकाळी वंदनेला नमुना ३१ लावला. वंदना झाली. आई उठल्या नाहीत, वाटी आणली नाही. खाली पाणी आलं, भांड्यांचा आवाज आला, मीही उठले नाही. दोघी बसून राहिलो. मेण हळूहळू कडेपर्यंत गेलं, चहूबाजूंनी सारखं. ज्योत ताठ. काजळी नाही, बोंड नाही, घाम नाही. इतकी चांगली माझ्या हातची एकही जळाली नव्हती.

आई पुढे वाकल्या, बरणीवर नाक धरलं. मग म्हणाल्या, "मला न्हाई येत. तुला?"

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हे विचारलं.

"नाही, आई."

"बरं," म्हणाल्या, आणि माझा हात धरून बसल्या.

मंगलचे दोन मिस्ड कॉल. अजून उलट फोन केलेला नाही. चोवीस बरण्या खोक्यात भरून ठेवल्या. लेबलं तेवढी बाकी आहेत. पेन घेऊन बसलेय. मोगरा लिहू की नको?